फियाटमधलं पाणी

गाडीत थेंब जिथे पडतो तिथून पाणी आत आलेलं नसतं. एवढं मनाशी पक्कं केलं तरच जुन्या गाडीची गळती शोधायला बसावं. नाहीतर काय होतं, आपण थेंबाच्या डोक्यावरची फट बघतो, तिच्यात एम-सील दाबतो, हात धुतो, आणि पुढच्या सरीला तोच थेंब चार बोटं उजवीकडे पडतो.

पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाला उलटं चिकटून वाहू शकतं. वायरींचं जुडगं मिळालं तर त्याच्यावरून उतरतं. दोन पत्र्यांच्या सांध्यात केसाएवढी फट असली तर तिच्यात वरसुद्धा चढतं. कडा येईपर्यंत ते सुटत नाही. त्यामुळे ब्रेकवर ठेवलेल्या पायावर पडणारा थेंब टपाच्या पन्हळीतून निघालेला असू शकतो, आणि मागच्या सीटखालचं तळं पुढच्या दारातून आलेलं असू शकतं. गाडी चढावर उभी केली की मागचा गालिचा भिजतो, उतारावर उभी केली की पुढचा. भोक एकच, पाणी एकच. फिर्यादी तेवढा बदलतो.

आमची गाडी १९८२ची प्रीमियर पद्मिनी. मूळची यजमानांच्या मामांची. मामा माहीमला राहायचे, इमारतीला गॅरेज नव्हतं, त्यामुळे गाडीने बहुतेक पावसाळे रस्त्याच्या कडेला, उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात काढले. मामा पुण्याला लेकीकडे राहायला आले तेव्हा ती आमच्याकडे आली. मामांचा हात दुरुस्तीचा. पाणी आलं की ते गॅरेजवाल्याची वाट बघत बसत नसत. गालिचे काढून पत्रा उघडा केल्यावर त्यांच्या दुरुस्त्या थराथराने सापडत गेल्या: तळाला डांबर, त्यावर एम-सील, त्यावर पांढरं सिलिकॉन, आणि एका सांध्यात चक्क मेणबत्तीचं मेण. प्रत्येक थर आपापल्या पावसाळ्यापुरता चालला असणार, त्याशिवाय पुढचा थर चढवायला मधे इतकी धूळ जमली नसती.

गाडीची घडण मूळ इटलीची. फियाटची नवी ११०० दान्ते जाकोझा यांच्या हाताखाली तुरीनमध्ये तयार झाली आणि १९५३ साली बाजारात आली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात ती बांधायला घेतली. त्या सुरुवातीच्या गोलमटोल गाड्यांना आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. १९६४ साली डिलाइट आली, सत्तरच्या दशकात तिची पद्मिनी झाली, आणि शतक संपेपर्यंत साचा जवळजवळ तोच राहिला. तुरीनला पाऊस वर्षभर विभागून पडतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि उरलेले आठ महिने ऊन रबराला भाजून काढतं. एकाच पट्टीने दोन्ही ठिकाणी पाणी रोखावं ही अपेक्षा जरा जास्तच. पण या गाडीचा आराखडा करणाऱ्यांनी तशी अपेक्षा धरलीच नव्हती, हे मला दार उघडल्यावर कळलं. ते पुढे येईल.

आधी वास. जुन्या गाडीत जुलैमध्ये कुबट वास येणं समजण्यासारखं आहे. मार्चमध्ये येत असेल तर गालिच्याखालचा नमदा ओला आहे. वरून हात लावला तर गालिचा कोरडा लागतो, बसणाऱ्याच्या पायाला काही जाणवत नाही, आणि खाली तागाचा जाड नमदा गेल्या पावसाळ्याचं पाणी धरून बसलेला असतो. आमचा काढून पिळला तेव्हा तांबूस पाणी निघालं, म्हणजे लोखंड आधीच विरघळायला लागलं होतं. या गाडीला खाली वेगळी चासी नाही. फरशीचा पत्रा, दाराखालचा पोकळ उंबरा, खांब आणि टप मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे फरशी सडली तर गाडीच मधून वाकते. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे टकटक करून पाहिलं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. ड्रायव्हरच्या टाचेखाली आणि मागे डाव्या कोपऱ्यात बद्द वाजलं. मिस्त्री म्हणाले, “ताई, तुकडे मारून देतो, पण आधी पाणी कुठनं येतंय ते शोधू. नायतर पुढच्या वर्षी परत तुकड्यावर तुकडा.”

हे मिस्त्री नाना पेठेच्या मागच्या एका गल्लीत बसतात. तरुणपणी मुंबईत टॅक्सी दुरुस्त करायचे. त्यांची एक अट होती: पाइप मारण्याचं काम मी घरी करायचं, कारण त्यांच्या गल्लीत नळाला सकाळी तासभरच पाणी असतं.

पाइप मारण्याचं शास्त्र आहे, आणि त्यात घाईला जागा नाही. पाइपाच्या तोंडाला काही लावायचं नाही, बोटही नाही. पाणी नुसतं ओघळू द्यायचं. फवारा मारला की पाणी जिथे एरवी कधीच जाणार नाही तिथेही घुसतं आणि नसलेली भोकं सापडतात. सुरुवात खालून करायची. दाराचा खालचा काठ, मग दाराची फट, मग काचेचा पायथा, मग बाजू, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळ्या संशयितांवरून जातो आणि कोण निर्दोष हे ठरवताच येत नाही. एका जागी पाच-दहा मिनिटं धीराने धरायचं, कारण आतल्या वाटेने पाण्याला बाहेर यायला वेळ लागतो. आत कोरड्या पत्र्यावर आणि रबराच्या कडांवर टाल्कम पावडर भुरभुरून ठेवायची, म्हणजे थेंब सुकला तरी त्याची रेघ राहते. दारांच्या रबरासाठी वेगळी परीक्षा: वर्तमानपत्राची पट्टी मधे धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकून फाटली तर रबर टेकतंय. सहज सुटून आली तर तिथे रबर नुसतं शोभेला आहे.

आत माझा भाचा. पुढची सीट काढलेली, हा उताणा पडून डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलेला, पाय मागच्या सीटवर, हातात फोनचा दिवा. बाहेर मी पाइप घेऊन. पहिल्या मजल्यावरचे काका खिडकीतून बराच वेळ बघत होते.

“अहो, पाऊस पडतोय की. नळाचं कशाला वाया घालवताय?”

प्रश्न पुणेरी असला तरी मुद्द्याचा होता. पाऊस सगळीकडे एकदम पडतो, म्हणून त्याची साक्ष चालत नाही, असं मी सांगितलं. काकांनी खिडकी लावून घेतली.

“मावशी, आलं!” आतून आवाज.

“कुठून?”

“वायरवरून. थांब, मागे बघतो. पाइप हलवू नकोस.”

मी पाइप धरला होता तो काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या दांडीपाशी. आजवर ज्याने ज्याने गाडी पाहिली त्याने एकच निदान केलं होतं: पुढच्या काचेचं रबर गेलंय. मामांनी त्यावर विश्वास ठेवून ते बदलून घेतलंही होतं. काच दिसते, रबर दिसतं, म्हणून संशय त्यांच्यावर. वायपरची दांडी पत्र्याला भोक पाडून आत जाते, त्या भोकाभोवती एक रबरी वॉशर असतो, आणि तो नटाखाली झाकलेला असल्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही. आमचा वॉशर नखाने दाबला तर तुटला. तिथून शिरलेलं पाणी दांडीवरून आतल्या पट्टीवर, तिथून वायरींच्या जुडग्यावर, जुडग्यावरून फ्यूजच्या डबीला वळसा घालून खाली पॅडलपाशी उतरत होतं. दहा-वीस रुपयांची वस्तू. मिस्त्रींनी ती बदललीच, शिवाय जुडगं सोडवून फ्यूजच्या डबीआधी वायरीला खाली एक झोळ दिला. जुने वायरमन घरात बाहेरून वायर आणताना देत असत तसा: पाणी आलंच तर झोळाच्या तळाला टपकावं, डबीपर्यंत चढू नये. पाणी येणार नाही अशी खात्री करून झाल्यावरही ते आलं तर काय, याची सोय करणारा कारागीर मला फार आवडतो.

नंतर पाइप मारला तर आत टिपूस नाही. पण ताम्हिणीत पुन्हा आलं.

मुळशीच्या धरणाच्या कडेने घाट लागेपर्यंत सगळं कोरडं होतं. मग आभाळ फुटलं, समोरचं दिसेना, आणि मोकळा रस्ता लागून गाडीने वेग धरल्यावर डाव्या कोपऱ्यात भाच्याच्या गुडघ्यावर थेंब पडायला लागले. वेग कमी केला की थांबायचे. भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याने तिथल्या तिथे हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटर वेगाला समोरून अडणाऱ्या वाऱ्याचा दाब पाण्याला जास्तीत जास्त १७ मिलिमीटर वर उचलू शकतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ३० ला हाच आकडा चारवर येतो. काचेच्या पायथ्याशी वारा अडतो आणि दाब वाढतो, म्हणून तर बहुतेक गाड्यांना आत हवा घेणारी जाळी तिथेच दिलेली असते. आता रबराच्या खाली पत्र्याची कड सेंटिमीटरभर उंच असेल तर उभ्या गाडीत पाणी त्या कडेपलीकडे जाणार नाही, धावत्या गाडीत जाईल. घरासमोर पाइप मारून हे कधीच सापडलं नसतं.

यात मामांच्या सिगारेटचाही हात होता. पद्मिनीच्या पुढच्या दारांना ती तिकोनी काच असते. ती मागच्या बाजूला तिरपी उघडली की धावत्या गाडीतली हवा बाहेर ओढली जाते, धूर जातो, छान वाटतं. पण आतली हवा ओढली गेली की आतला दाब आणखी उतरतो आणि जिथे फट असेल तिथून पाणी शोषलं जातं. पावसात मामींना काच बंद करा म्हणून सांगावं लागायचं, ते धुरासाठी, असं सगळे समजत होते.

पुढची काच काढायची ठरलं. मिस्त्री त्यासाठी तयार होईनात, कारण जुनी काच निघताना फुटली तर दुसरी मिळणं कठीण. पण रबर आणि पत्रा यांच्यामध्ये कुणीतरी सिलिकॉन भरलं होतं, आणि त्याखाली काय आहे ते काढल्याशिवाय कळलं नसतं. रबर कापून काच उतरवली. खाली पत्र्याच्या कडेला हाताचं बोट जाईल एवढ्या लांबीत लोखंडाचे पापुद्रे सुटले होते. गंज मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात तो धरला की त्यांना फाकवतो, फाकलेल्या जागेत आणखी पाणी शिरतं, आणि असं चालू राहतं. त्यात व्हिनेगरसारखा वास येणारं जे स्वस्त सिलिकॉन मिळतं, ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं. उघड्या लोखंडाला ते बाधतंच. शिवाय पाणी बाहेर पडण्याची जी बारीक वाट रबराखाली उरलेली असते तीही ते बुजवतं. मिस्त्रींनी पापुद्रे खरवडले, प्रायमर मारला, दोन ठिकाणी पत्र्याच्या पट्ट्या डागल्या आणि सिलिकॉनऐवजी कधीच न सुकणारी ब्यूटिलची काळी वात लावली.

मग काच परत बसवली, आणि ते बघायला मी मुद्दाम थांबले. या काळातल्या गाड्यांची काच चिकटवलेली नसते. रबराला दोन खाचा असतात, आतल्या खाचेत काच, बाहेरच्या खाचेत पत्र्याची कड. आधी रबर काचेभोवती चढवतात. बाहेरच्या खाचेत सुतळीएवढी नायलॉनची दोरी चहूबाजूंनी घालून तिची दोन्ही टोकं खालच्या बाजूला आत सोडतात. साबणाचं पाणी लावतात. तेल नाही, ग्रीस तर नाहीच, त्याने रबर फुगतं. मग काच जागेवर ठेवून बाहेरचा माणूस दोन्ही तळव्यांनी दाब देतो आणि आतला माणूस दोरीचं एक टोक ओढायला लागतो. परकराच्या नेफ्यातून नाडी निघावी तशी दोरी निघत जाते, आणि जिथून ती निघते तिथे रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढतो. आत मिस्त्रींचा मुलगा ओढत होता, बाहेर मिस्त्री दोरीच्या बरोबर पुढे-पुढे तळवा सरकवत होते. दोघं बोलत नव्हते. कोपऱ्यावर दोरी अडली तेव्हा मिस्त्रींनी काचेवर बोटाने दोनदा टिचकी मारली, मुलाने ताण सैल केला, मिस्त्रींनी कोपरा दाबला, पुन्हा टिचकी, पुन्हा ओढ. वरच्या कडेला पोचेपर्यंत मिस्त्रींचा घाम काचेवर टपकत होता. दोरीची दोन्ही टोकं एकाच्या हातात आली आणि काच बसली.

आता दार. मला या सगळ्या उद्योगात जे मिळालं ते दारात मिळालं.

मागच्या सीटखालचं पाणी कुठून येतं ते कुणालाच कळत नव्हतं. मागची काच कोरडी, डिकीचं रबर ठीक, मागच्या दिव्यांच्या गॅस्केटा बदलून झालेल्या. शेवटी मिस्त्री म्हणाले, पुढच्या दाराचं पॅड काढून बघू. पॅड काढलं तर आत दोन्ही दारांना स्पीकरसाठी गोल भोकं पाडलेली. नव्वदीत कधीतरी मामांनी कॅसेट प्लेअर बसवून घेतला होता. ज्याने बसवला त्याने पॅडच्या मागे चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद फाडून फेकून दिला होता. त्याला तो पॅकिंगचा वाटला असणार.

मिस्त्रींनी मला दाराची खालची कड बघायला लावलं. “ताई, भोकं दिसतायत का?” दिसत नव्हती. जाड, काळं, खडबडीत लेपन होतं फक्त.

झालं होतं असं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, त्या रात्री मामांची फियाट माहीमला सीटपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर मामांनी ऑइल बदललं, डिस्ट्रिब्युटर आणि कार्बोरेटर पुसून वाळवला, आणि गाडी चालू झाली. शेजाऱ्यांच्या नव्या गाड्या टोचन लावून न्याव्या लागल्या, ही गोष्ट मामा पुढे प्रत्येक लग्नात सांगत. पण त्या रात्रीने त्यांनी गंजाचा धसका घेतला आणि गाडीला खालून अँटी-रस्ट मारून घेतलं. मारणाऱ्याने सढळ हाताने मारलं. दारांच्या तळाची, उंबऱ्याच्या पोटातली, जिथे म्हणून भोकं होती ती सगळी बुजली.

ती भोकं कारखान्यातून दिलेली असतात. काच वर-खाली करायची तर तिच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये फट ठेवावी लागते, आणि त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात उतरणारच. आराखडा करणाऱ्यांनी ते धरूनच दार रेखाटलेलं असतं. पाणी काचेवरून खाली येईल, दाराच्या तळाला साचेल, तळाच्या भोकांतून रस्त्यावर जाईल. आतल्या बाजूला उडालेलं पाणी प्लॅस्टिकच्या कागदावरून परत तळाकडे जाईल. दार ओलं असणं हा दोष नाही. दार आतून ओलंच असायचं. जिथे माणसं बसतात ती जागा तेवढी कोरडी ठेवायची, आणि बाकी गाडीतून पाण्याला जाऊ द्यायचं. टपाची पन्हळ, दाराची भोकं, उंबऱ्याची भोकं, डिकीभोवतीची नाली, हा सगळा एक आराखडा आहे. आमच्या गाडीत गेल्या वीस वर्षांत ज्याने ज्याने पाणी बंद केलं त्याने बहुतेक वेळा त्याची जाण्याची वाट बंद केली होती.

मिस्त्रींनी सायकलचा जुना आरा घेतला, टोक जरा वाकवलं आणि दाराखाली घालून लेपन टोकरलं. पहिल्या भोकातून काही आलं नाही. दुसरं उघडल्यावर आधी बुडबुडा आला, मग काळं पाणी, धार लावून. धार संपल्यावर चिखल. चिखलात गुलमोहराची बारीक पानं, रबराचा भुगा, आणि गेंड्याचं चित्र असलेलं चार आण्याचं नाणं. स्टेनलेस स्टीलचं असल्यामुळे आख्ख्या दारात न गंजलेलं तेवढंच. चारही दारं झाली, मग उंबरे. डाव्या उंबऱ्यातून निघालेलं पाणी इतका वेळ वाहत राहिलं की मिस्त्री मधे चहा पिऊन आले. मागच्या सीटखालचं तळं हेच. पुढचं दार तुंबलं की स्पीकरच्या भोकातून पाणी पॅडमागे, तिथून गालिच्याखाली, आणि फरशीच्या उताराने मागे.

पुण्यात राहणाऱ्याला हे गाडीपाशी शिकायची गरज पडू नये. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने वाटेतल्या भिंती पाडत आपली जागा घेतली, ती बघितलेली माणसं आमच्या ओळखीत आहेत. पण मी गाडीवरून शहरावर जात नाही. तिथली भोकं आऱ्याने उघडत नाहीत.

मात्र या भोकांची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपवून ठेवणं बरोबर नाही. पाणी जायची वाट ही यायचीही वाट असते. २००५च्या त्या रात्री माहीमला पाणी खालून चढलं तेव्हा फरशीच्या आणि दारांच्या याच भोकांतून ते आत आलं. मामांनी ती मुद्दाम बुजवली नव्हती, पण बुजवण्यातही एक तर्क होता. मिस्त्री म्हणतात, टॅक्सीवाले पावसाळ्यात फरशीची रबरी बुचं काढूनच ठेवत. आलं तर येऊ दे, थांबू नये एवढंच. मिस्त्रींच्या मताला मी वजन देते, कारण माणूस वर्षाकाठी शंभर वेळा पावसात भिजतो आणि पुरात एखाद्याच वेळी.

डिकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रबर बदललं, नाली खरवडली, कोरडी झाली.

जुन्या गाड्यांचे हौशी लोक यावर एक सोपा उपाय सुचवतात: पावसात काढूच नका. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे आणि जी जूनपासून सप्टेंबरपर्यंत आच्छादनाखाली असते, त्यांनी एकदा आच्छादन उचलून आत हात घालून बघावा. जलरोधक म्हणून विकलं जाणारं प्लॅस्टिक बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देत नाही. दिवसा तापलं, रात्री निवलं की आतून दव धरतं. त्यापेक्षा छपराखाली उघडी, काचा बोटभर खाली, आणि आठवड्यातून एकदा फेरी. मला तर गाडी पावसात चालवायलाच आवडते. पद्मिनीचा टप पातळ आहे, सरीचा आवाज जोरात येतो, बोलणं बंद पडतं.

भाच्याला वाटायचं, हे सगळे म्हाताऱ्या गाडीचे चोचले. मग त्याच्या मित्राच्या तीन वर्षांच्या गाडीत पायाखाली पाणी आलं. नव्या गाड्यांची पुढची काच पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते, सांगाड्याच्या मजबुतीत तिचाही वाटा असतो, तिथून पाणी यायची शक्यता कमी. पण छताला सनरूफ होतं. सनरूफसुद्धा पाणी आत घेतं आणि चार कोपऱ्यांच्या नळ्यांतून खांबातून खाली सोडतं. त्यातली एक नळी पानांनी तुंबली होती. फरक एवढाच की त्या गाडीत गालिच्याखाली इलेक्ट्रॉनिक डबी होती, आणि तिच्या बिलाच्या रकमेत आमच्या फियाटचा पत्रा, रंग आणि मिस्त्रींचा चहा धरून सगळं काम झालं असतं. भाच्याने आता स्वतःच्या स्कूटरच्या डिकीतलं भोकही तपासलंय.

एक गळती अजून आहे. उजवीकडून जोराचा पाऊस असला की तिकोनी काचेच्या खालच्या टोकातून पाणी येतं आणि माझ्या कोपरावर पडतं. तिथलं रबर वेगळ्या आकाराचं, टोकाशी निमुळतं, आणि ते मिळत नाही. बाजारात जे मिळतं ते पुनर्वापराच्या रबराचं, दोन उन्हाळ्यांत कडक होतं. चांगलं ईपीडीएमचं करून घ्यायचं तर साचा लागतो आणि साच्यासाठी एक धड नमुना लागतो. टॅक्सी होत्या तोवर असले भाग बनत राहिले आणि कुर्ल्याच्या भंगारात जुनेही मिळत. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेरीस संपली, आणि त्यानंतर दुकानदार फोनवर आधी हसतात, मग नाही म्हणतात. भाचा म्हणतो जुन्या रबराचं मोजमाप घेऊन संगणकावर साचा काढू. मिस्त्री म्हणतात त्यांच्या ओळखीत साताऱ्याला एका गोठ्यात पद्मिनी उभी आहे, तिची काच कुणी कधी उघडलेलीच नाही, रबर चांगलं असेल. गाडीचा मालक विकायला तयार आहे, पण नुसतं रबर नाही, आख्खी गाडी घेऊन जा म्हणतो. यजमानांना हे अजून सांगितलेलं नाही.